बबन मिस्त्रीची मधली केबल

२०१९ साल. मी एकाहत्तर वर्षांचा, बबन मिस्त्री एकसष्टचा. आमच्या पिंपळवंडीच्या आसपास कुणाचीही विहिरीवरची मोटार बिघडली की त्यालाच बोलवायचे. तो आधी काही उघडायचा नाही. चालू मोटारीवर छाती टेकेपर्यंत वाकायचा, लांब पेचकसाचं टोक तिला लावायचा, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग निकाल. "बेरिंग चाललंय. जळायच्या आधी उघडा. जळल्यावर मिस्त्री नाय, भंगारवाला बोलवा." मी चौथी शिकलेला, पण कुणाचं ऐकून घेणारा नव्हे. दोनदा त्याच्याशी वाद घातला आणि दोन्ही वेळा माझीच मोटार जळाली.

त्या साली कांद्याच्या लागणीत तो माझ्या विहिरीवर धाडकन पडला. तोंडावर पाणी मारलं तसा उठून म्हणतो, "काय नाय भाऊ, व्होल्टेज कमी झालं व्हतं." आठ दिवसांनी पुन्हा पडला. मग मी त्याला विचारलंच नाही. गाडीत घातला आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या छातीला दिवसभर ठोके टिपणारं यंत्र लावलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बाबा, तुमचं हृदय मधेच चार-चार सेकंद थांबतंय."

दुसरा कुणी घाबरला असता. हा खुर्चीत पुढं सरकला. "म्हंजी आत बी करंट असतो?"

"असतो तर. त्यावरच चालतं."

बाईंनी कागदावर चित्र काढलं. कुणाच्या हृदयात करंटला जादा वाट फुटते, ठोके पळत सुटतात. तिथं मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती वाट जाळतात. कुणाला वेळेवर झटका देणारं यंत्र बसवतात.

"मग माझी बी वाट जाळा."

"तुमची जादा वाट नाही, आहे तीच तुटलीय. वरचा करंट खाली पोचत नाही."

"म्हंजी स्टार्टर चांगला, मोटार चांगली, मधली केबल गेली."

बाई हसल्याच. "अगदी बरोबर. तुम्हाला पेसमेकर लागेल. खांद्याखाली डबी, तिथून शिरेतून तार आत."

"बॅटरी किती टिकती?"

"आठ-दहा वर्षं. मग डबी बदलायची."

"लई भारी काम हाय, राव," बबन म्हणाला. आता मीसुद्धा खुर्ची पुढं ओढली होती.

मग बाई म्हणाल्या, "एवढं पाळायचं. वेल्डिंग बंद. चालू मोटारीवर वाकायचं नाही, चांगलं हातभर लांब राहायचं."

बबन उठला. "चला भाऊ, घरी." बाहेर बाकावर मात्र धपकन बसला. "हातभर लांबनं काय ऐकू येणार? मग मिस्त्री कशाचा मी?"

मी म्हणालो, "जळाल्यावर भंगारवाला बोलवू का?"

"माझंच मला सांगता व्हय?"

"दोन मोटारी जाळून शिकलोय."

तो बाकावरून उठला. मग आत जाऊन सही केली. भूल तेवढ्या जागेपुरतीच होती, तेव्हा यंत्र बसवून होईपर्यंत त्यानं बाईंना प्रश्न विचारून सोडलं नाही म्हणे.

चार दिवसांनी आम्ही घरी आलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी जवळच्या पिंपरी पेंढारहून बोलावणं आलं, मोटार घरघरतेय. बबन मला घेऊन निघाला. तिथं पोचल्यावर तो चार पावलं अलीकडं बांधावर थांबला आणि पेचकस माझ्या हातात दिला.

"वाका भाऊ. काय ऐकू येतंय तेवढंच सांगा. तुमचं मत सांगू नका."

मी गुडघे टेकले, मूठ कानाला लावली. "खडे भरडल्यागत वाजतंय."

"बंद करा," बबन म्हणाला, "आणि उघडा."