सातवा डोळा

द्राक्षाच्या काडीवर जिथून फुटवा निघतो त्याला आमच्याकडे डोळा म्हणतात. ऑक्टोबरच्या छाटणीत सात डोळे ठेवून कात्री मारायची. सातव्याच्या अलीकडे कापलं की घड गेलाच. दिंडोरीतल्या आमच्या छाटणीच्या टोळीत माझी आई, सिंधुबाई, नुसत्या नजरेनं सातवा डोळा ओळखायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या सुमारास ती मोजायला लागली. प्रत्येक डोळ्यावर अंगठा टेकवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, "एक, दोन, तीन..." बायका हसायच्या, "सिंधुबाई वेलीला पाढे शिकवती!" मला मात्र संताप यायचा. टोळीचा मुकादम मी, आणि माझीच आई पहिलीतल्या पोरीसारखी घोकणार!

दोन हजार तीनला देवराम अण्णांच्या बागेत मी तिला सगळ्यांसमोर बजावलं, "आज तोंड बंद ठेव. हात चालव."

ती गप्प झाली. दुपारपर्यंत अख्खी ओळ चौथ्या डोळ्यावर छाटून मोकळी! अण्णांनी कपाळाला हात लावला. मी तिच्या हातातली कात्री काढून घेतली. वीस वर्षं वापरलेली, तिची स्वतःची कात्री.

"दत्तू, मोजल्याबिगर मला सुचत नाय रे," ती म्हणाली.

"मग काड्या गोळा कर," मी म्हणालो.

म्हातारपण म्हणून मी सोडून दिलं असतं, पण माझी बायको सविता ऐकेना. गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा एमआरआय करायला लावला. फोटोत जागोजागी पांढरे डाग निघाले.

"मेंदूचे भाग जोडणाऱ्या तारा खराब झाल्यात," बाई म्हणाल्या. "बीपीमुळे असेल. डाग जुने दिसतात. तरी चालणं-बोलणं ठणठणीत! काम कसं करता, आजी?"

आईनं टेबलाच्या कडेवर अंगठा टेकवत सातपर्यंत मोजून दाखवलं.

"खात्रीनं नाही सांगता येत," बाई माझ्याकडे वळल्या, "पण नेहमीची वाट बिघडली की मेंदू दुसरी वाट काढतो. यांनी ती बोटातून आणि आवाजातून काढलेली दिसते. वेळ लागतो, पण पोचतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती वाट मीच बंद केली होती.

गोळ्या सुरू झाल्या. छाटणी अजून चालूच होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या टोळीसमोर मी कात्री आईच्या हातात दिली. तिनं काडी धरली, पहिल्या डोळ्यावर अंगठा टेकवला आणि थांबली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दत्तू, बोलू का रे?"