वाघाला दिलेला शब्द

भाऊजींचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. "माधुरी, सुमन गेली," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून दिला. सुमनताई माझ्या मोठ्या नणंदबाई, भाऊजी त्यांचे यजमान. आमच्यापासून चार बिल्डिंगा सोडून, नवघरलाच राहायची दोघं. नागपूरहून लेकीचं बाळंतपण उरकून मला परतून आठ दिवस झाले होते आणि त्या आठ दिवसांत मी त्या चार बिल्डिंगा ओलांडल्या नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं ठरेल.

ताई शाळेत शिकवायच्या, पण त्यांचा जीव सोसायटीच्या गणपतीत. दरवर्षी पोरांचं संगीत नाटक ठरलेलं. लिहायच्या त्या, गाऊन शिकवायच्या त्या, पेटीवर मी. त्यातलं एक फार गाजलं... म्हणजे त्यावरून फार भांडणं झाली. भोपळ्यात बसलेल्या म्हातारीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. लेकीकडून जाडजूड होऊन येते, मग खा, असं ती वाघाला सांगते आणि येताना भोपळ्यात लपून निसटते. पोरं टाळ्या पिटतात. ताईंचं नाटक त्या टाळ्यांनंतर सुरू व्हायचं. वाघ उपाशीपोटी रस्त्यावरच बसलाय आणि शेजारी येऊन टेकलाय शेणाचं घर वाहून गेलेला, चिमणीच्या दाराशी ताटकळलेला कावळा. दोघं मिळून वाट बघण्याचं गाणं म्हणतात. शेवटी म्हातारी आपणहून परत येते, वाघासमोर उभी राहते आणि पडदा पडतो.

तालीम बघून सेक्रेटरी मेहताभाईंनी कपाळावर हात मारला. "टीचर, इसमें मॉरल क्या है? बुढ़िया ने दिमाग लगाया, बच्चों को वही सिखाओ ना! और टाइगर खाएगा कि नहीं, वो तो दिखाओ!" ताई आपल्या मराठी हिंदीत म्हणाल्या, "दिमाग सबके पास होता है भाई, वापस आने को कलेजा लगता है." मीसुद्धा मेहताभाईंचीच री ओढली. म्हटलं, "ताई, वाघाला दिलेला कसला आलाय शब्द? जिवावर बेतलं तर खोटं बोललेलं चालतं." त्या हसल्या. "चालतं गं. पण म्हणून तो वाट बघायचा थांबतो का?" मला तेव्हा हा शुद्ध हट्टीपणा वाटला होता.

पुढे घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. मी नागपूरला निघाले तेव्हा ताईंनी पाटीवर लिहून विचारलं, 'कधी येशील?' मी म्हटलं, "बारसं झालं की निघते, स्टेशनवरून थेट तुमच्याकडे." आले मात्र थेट माझ्या घरी. सरळ रस्त्यावर त्यांची खिडकी लागते, म्हणून रिक्षावाल्याला सांगितलं, "भैया, गोडदेव से घुमाके लो." वीस वर्षं ज्या गळ्याला सूर दिला, तो मुका झालेला पुन्हा बघायची माझ्यात ताकद नव्हती. मग रोज उद्यावर ढकललं. आधी प्रवासाचा शीण, मग सर्दी. आपली सर्दी ताईंना लागेल, हे कारण तर मला फारच आवडलं. भित्रेपणाला काळजी म्हटलं की माणसाला छान झोप लागते.

तेरावं झाल्यावर भाऊजींसमोर बसून सगळं ओकले. "मी आठ दिवस आधीच आले होते, भाऊजी." ते चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात धरून म्हणाले, "ठाऊक होतं तिला. त्या दिवशी ड्रेसिंग करून आम्ही गोडदेवहूनच परतत होतो. तुझी रिक्षा आमच्या शेजारून गेली. मी हाक मारणार होतो, तर तिनं माझा हात दाबला."

मला वाटलं, जमीन दुभंगावी. ताई रागावल्या असत्या, चार शब्द चिठ्ठीवर खरडून पाठवले असते, तरी आज बरं वाटलं असतं. आता माफी मागू तरी कुणाची...

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय... रोज संध्याकाळी पलंगावर भिंतीकडे सरकून निजायची. म्हटलं, अगं ऐसपैस झोप. तर हातानं खूण करायची, माधुरीला बसायला जागा नको का?"

तो पलंग अजून तसाच आहे. भिंतीकडची गादी दबलेली आणि अलीकडे हातभर कोरी जागा. मी आता रोज संध्याकाळी जाते. भाऊजी म्हणतात, "बस गं." मी उभीच राहते.