चुंबक झालेली पांढरी पूड

लॅब रोज झाडली तरी कोपऱ्यात काहीतरी सापडतंच. किस्स्यांचंही तसंच. मी पेणहून रोज एसटीने रोह्याच्या कॉलेजात जाते, फिजिक्सच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून. शिक्षण दहावी. पण इतकी वर्षं मॅग्नेटच्या शेजारी राहिलं की थोडं काहीतरी आपल्यालाही चिकटतंच!

*

पहिलाच आठवडा. टेबलावर सुपारीएवढा मॅग्नेट होता. पुसायला हात नेला आणि हात तिथेच! बांगड्यांना अडकवलेल्या पिना त्याला जाऊन चिकटल्या होत्या.

लॅबचे प्रमुख मोकल सर, त्यांनी एकेक पिन सोडवली. "चार पिना? एवढ्या कशाला लागतात मावशी?"

"तीन माझ्या, सर. चौथी तुमच्या उसवलेल्या एप्रनसाठी आणली होती!"

*

सर म्हणतात, पदार्थ फार बारीक केला की त्याचा स्वभाव बदलतो. एरवी चुंबकाला दाद न देणारा पदार्थही कधी कधी चुंबकासारखा वागतो.

मी म्हटलं, "पापडाचंही तसंच, सर. पीठ भरड असलं की लाटताना फाटतो."

सरांना हे एवढं आवडलं की त्यांनी वर्गात सांगितलं. परीक्षेत एका मुलीने लिहिलं, "नॅनो कण म्हणजे उडदाचं अतिशय बारीक पीठ."

सर पेपर घेऊन माझ्यासमोर उभे. "याचे मार्क आता तुम्हीच द्या!"

*

आमची सायली सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. मुलगी पेणजवळच्या जोह्याची, वडील गणपतीच्या मूर्ती रंगवणारे. एकदा ते लॅब बघायला आले. सायलीने लोखंडाच्या कणांची काळी शाई वाटीत ओतली आणि खालून मॅग्नेट धरला. शाईवर ताठ काटे उभे राहिले!

वडील बराच वेळ बघत बसले. मग हळूच म्हणाले, "गो सायली, थोडी घरी आण. बाप्पाच्या उंदराला लावू. मॅग्नेट दावला की केस उभे!"

"बाबा, ही संशोधनाची हाय!"

"मग आमचा उंदीर काय टाइमपासचा हाय?"

*

प्रदर्शनात सर एक काळी वडी अतिथंड नायट्रोजनमध्ये बुडवून मॅग्नेटवर ठेवतात. ती चक्क हवेत तरंगते. थंडावा गेला की खाली बसते.

सायली माझ्या कानात म्हणाली, "मावशी, अगदी आपल्या हेडक्लार्कसारखी! एसी चालू तोवर हवेत, लाइट गेली की जमिनीवर."

मागून हेडक्लार्कचाच आवाज आला, "आज लाइट आहे हो!"

*

आता सायलीची गोष्ट. तीन वर्षं ती झिंकची पांढरी पूड बनवत होती. बारीक केल्यावर ती चुंबक होते का, एवढंच शोधायचं होतं. नमुना मुंबईच्या मोठ्या मशीनवर जायचा आणि उत्तर यायचं, "नाही." प्रबंध द्यायला शेवटचे चार महिने उरले, आणि एक दिवस उत्तर आलं, "आहे!"

सायली रडली, सरांनी पेढे आणले. पण पुढच्या दोन नमुन्यांत परत "नाही".

सर विचारत होते, "त्या एका वेळी वेगळं काय केलंस?"

"काहीच नाही, सर. सगळं तेच."

मला मात्र आठवलं. त्या आठवड्यात पूड भाजायची चिनीमातीची भांडी मी तारेच्या घासणीने लख्ख घासली होती. पोरीचं काम चांगलं व्हावं म्हणून! एरवी काथ्याने घासते. बोलले तर तिचं एकुलतं एक "आहे" जाणार होतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं.

सायली खुर्चीत बसली ती उठेचना. सर म्हणाले, "म्हणजे घासणीचं लोखंड पुडीत गेलं."

मी डोळे पुसत होते. तेवढ्यात सायली उठली. "मावशी, अजून एक भांडं तसंच घासा. तसंच, जोर लावून!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तीच चूक मुद्दाम करायला सांगितली. त्या भांड्यातली पूड चुंबक निघाली, कोऱ्या भांड्यातली नाही. पांढरी पूड चुंबक होत नाही, आणि झालेली दिसली तर आधी भांडी तपासा, असा अख्खा धडा सायलीने लिहिला.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक साहेब आले. भलतेच कडक. तो धडा दोनदा उलटून पाहिला आणि विचारलं, "ही चूक पकडली कोणी?"

मी चहा घेऊन आत शिरत होते. सायलीने माझ्याकडे बोट दाखवलं.

साहेबांनी कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबले. कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाई, हा कशाने घासलाय?"

"काथ्याने, साहेब."

साहेबांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. आणि प्रबंधावर सही केली.