उताऱ्यात नसलेलं उत्तर

राजपालला सगळे ‘सर’ म्हणत, पण तो कुठल्याही शाळेत सर नव्हता. धाराशिवात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका आहे. तिथल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणारा तो एक उमेदवार. फक्त इतका जुना, की नवीन पोरं त्याला फर्निचरात धरायची. पोरं यायची, दोन-तीन वर्षं बसायची, कुणी तलाठी, कुणी लिपिक, कुणी फौजदार होऊन जायची. राजपाल राहायचा.

इंग्रजी मात्र त्याच्या हातचा मळ. बेंबळी ह्या आपल्या खेड्यातल्या शाळेत शिकलेला हा माणूस इंग्रजीचा उतारा असा सोडवायचा, की शेंग सोलावी. आणि शिकवायचाही फुकट. “शिकवलं की आपलीबी उजळणी होती, काका,” असं मला म्हणायचा. मी घरमालक, पण भाडं मागायला वर गेलो की तासभर त्याच्या वर्गात बसून यायचो. भाडं राहायचं.

त्याची तक्रार एकच. गाइडातले उतारे. “ह्या उताऱ्यांत माणसं कायम सुखी असतात, काका. कुणी दीपगृहात राहतंय, कुणी फुलपाखरं मोजतंय. एकजण तर नुसता चालायला जातो आणि त्यावर पाच प्रश्न!” म्हणून मग तो आसपासचीच उदाहरणं घ्यायचा. खालच्या खानावळीच्या धुरपदाबाई डब्याला उशीर करणाऱ्या पोरांवर डाफरायला लागल्या, की राजपाल वर्ग थांबवायचा.

“ऐका. लेखकाचा सूर कोणता? क्रिटिकल, सार्कास्टिक का ह्युमरस?”

“सर, डेंजरस,” मुरूम गावची शिवांजली म्हणायची.

“पर्यायात न्हाय ते.”

धुरपदाबाई खालून ओरडायच्या, “माझं नाव घेऊन इंग्रजीत काय बोलायलाव रे मेल्यांनो? आज भाजी मिळायची न्हाय!”

त्याचा एक नियम होता आणि तो त्यानं शेकडो पोरांच्या डोक्यात हातोड्यानं ठोकला होता. उत्तर उताऱ्यातूनच द्यायचं. तुम्हाला काय माहीत आहे ते कुणीही विचारलेलं नाही. तामलवाडीचा महारुद्र एकदा मधमाश्यांच्या उताऱ्यावर अडून बसला. त्याच्या मामाच्या मधाच्या पेट्या होत्या.

“सर, ह्यानं लिहिलंय ते चूक आहे. मामा म्हणतो—”

“मामा पेपर तपासणाराय का?”

“न्हाय.”

“मग मामाला चहा पाज. उताऱ्याच्या बांधाबाहेर पाय टाकायचा न्हाय. उताऱ्यात सूर्य पश्चिमेला उगवला तर तीन तासांसाठी तो पश्चिमेला उगवतो. बाहेर आल्यावर मग त्याला पाहिजे तिकडनं उगवू दे.”

महारुद्रानं ते ऐकलं आणि वनरक्षक झाला. शिवांजली तलाठी झाली. प्रत्येक सत्काराला राजपालला ‘मार्गदर्शक’ म्हणून स्टेजवर बसवायचे आणि एक शाल द्यायचे. त्या शालींची त्याच्या आईनं, मालनबाईंनी, वाकळ शिवली. तो म्हणायचा, “सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या पांघरून झोपतो मी.” आम्ही हसायचो. तो आमच्यापेक्षा जरा आधी थांबायचा.

त्याचं स्वतःचं घोडं दरवर्षी थोडक्यात अडायचं. कधी गणितानं, कधी कट-ऑफ अचानक वर गेल्यामुळं. लग्न नोकरी लागल्यावर, असं ठरलं होतं, ते तसंच ठरलेलं राहिलं. आणि मग वयाची अट आली. त्रेचाळीस संपत होतं. यंदाची परीक्षा शेवटची, हे त्याला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, बेंबळीत त्याच्या वडलांना, आबारावांनाही माहीत होतं. आबारावांचं आणि मालनबाईंचं सगळं उमेदीचं वय ऊसतोडीत गेलं. दिवाळी झाली की दोघं गाव सोडायचे, राजपालला मावशीकडं ठेवून. शाळा बुडू नये म्हणून. फडात पोरं बरोबर नेण्याची रीत असताना ह्यांनी पोरगं मागं ठेवलं. त्याचं गावानं फार हसं केलं होतं म्हणे.

परीक्षा देऊन आला तेव्हा राजपाल गप्प होता. आम्हाला वाटलं, गणित. काही दिवसांनी उत्तरतालिका आली. कुणी कोणतं उत्तर दिलं, तेही मोबाइलवर दिसायचं. महारुद्र मुद्दाम सुट्टी काढून आला होता. तोच एकेक जुळवत होता. गणित ह्यावेळी चक्क बरं निघालं. अभ्यासिकेत माणसं उभी राहिली. इंग्रजी जुळवायचं बाकी होतं, आणि इंग्रजीचं काय बघायचं?

महारुद्र बघता बघता थांबला.

“सर, इथं चुकून बोट पडलं का? ह्या उताऱ्याची तिन्ही उत्तरं चुकलीत.”

“न्हाय,” राजपाल म्हणाला.

“अहो, उताऱ्यात सरळ लिहिलंय की! शेंबडं पोरगं सांगेल.”

“मला बी येत होतं.”

उतारा एका कोरड्या भागातल्या गावांवर होता. जिल्ह्याचं नाव नव्हतं, पण वाचता वाचता आमच्या डोळ्यांसमोर बेंबळीचा रस्ताच आला. लेखकाचं म्हणणं असं, की ह्या लोकांना काम नको असतं, पुढचा विचार नसतो, म्हणून ते दरसाल पोरंबाळं वाऱ्यावर टाकून गाव सोडतात. आणि खाली प्रश्न, उताऱ्याच्या आधारे सांगा, लोक गाव का सोडतात? पोरांची आबाळ कुणामुळं होते? योग्य शीर्षक निवडा.

“हरकत घेऊ, सर,” महारुद्र पेटला. “फी म्या भरतो.”

“कशावर घ्यायची? उताऱ्याप्रमाणं उत्तर बरोबर आहे. तुला काय शिकवलंय मी?”

खालून धुरपदाबाईंनी जेवायला हाक मारली, तरी कुणी उठलं नाही.

यादी लागली. राजपालचं नाव नव्हतं. ती तीन उत्तरं बरोबर धरली असती तर होतं. हा हिशोब सगळ्यांनी मनात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. “काका, बेंबळीला चला की. एकट्यानं सांगायला जड जातंय.” मी म्हटलं, माझा काय उपयोग? तर म्हणाला, “पाहुणा असला की आबा कमी बोलतात.”

हा अंदाजही चुकला.

आबाराव अंगणात बाजेवर बसले होते. माणूस उंच असावा, पण पाठ कधीच मोडलेली. मालनबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. राजपालनं एका दमात सांगितलं, लागलं नाही, आणि आता वय नाही. भाकरी थापायचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

“गणित?” आबारावांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनाही विषय पाठ झाले होते.

“न्हाय. इंग्रजी.”

“इंग्रजी?” म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, जणू मी खोडी केली होती. “त्ये तर तू लोकांना शिकवतूस.”

राजपाल खोटं सांगू शकला असता. त्यानं सगळं सांगितलं. उतारा मराठीत करून, ओळीओळीनं सांगितला. काम नको असतं. पुढचा विचार नसतो. पोरं वाऱ्यावर टाकतात. मी खाली बघत होतो. वाटलं, आता म्हातारा उठेल, पोराच्या पाठीवर हात ठेवेल. अशा वेळी तसंच होतं, असं मी धरून चाललो होतो.

“मग उत्तर काय द्यायचं व्हतं?”

“आळसामुळं.”

“अन् तू?”

“गावात मजुरी मिळत न्हाय म्हणून.”

“ज्यानं लिव्हलं त्यो आपल्याला वळखतू व्हय?”

“न्हाय, आबा.”

“मग त्याचं कशापायी मनावर घेतलंस?” आबाराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “मुकादम रोज तोंडावर म्हनायचा, लई आळशी जमात हाय तुमची. आमी व्हय मालक म्हनायचो अन् कोयता उचलायचो. तुझी मायबी म्हनायची. तू शाळंत ऱ्हावा म्हणून रोज व्हय म्हनायचो. तुला येकदा म्हनायला काय झालतं रं?”

राजपाल उभा होता.

“जाऊ द्या की,” मालनबाई चुलीकडनंच म्हणाल्या. “पावण्यापुढं काय लावलंय.”

“पावना बी ऐकू दे.” आबाराव माझ्याकडं वळले. “शिकल्याला मानूस तुमी, सांगा. ह्यो सायब झाला असता, खुर्चीत बसला असता, अन् मग कुनी इचारलं असतं, आबाराव, जलमभर काय केलंत? तवा छाती काढून सांगितलं असतं म्या, लई आळस केला म्हणून!”

विनोद चांगला होता. दुसऱ्या कुठल्याही अंगणात मी मांडीवर थाप मारून हसलो असतो. म्हातारा स्वतःच थोडं हसला, मग खोकला, आणि पाठ करून बाजेवर आडवा झाला.

मालनबाईंनी दोन ताटं वाढली, एक मला, एक पोराला. “बस की रं,” त्या म्हणाल्या. राजपाल बसला, पण हात लावला नाही. त्यांनी न विचारता माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. भूक नव्हती. मी ती सगळी खाल्ली.