पिस्तुलातलं कुंकू

हेल्मेट घातलेली दोन माणसं एकाच गाडीवर दिसली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आमच्या पुण्यात हेल्मेट पोलीस लांबून दिसल्यावर घालतात आणि चौक ओलांडला की परत कोपरात अडकवतात. हे दोघे दिवेलागणीला वाघोलीच्या अलीकडे माझ्या पेट्रोल पंपावर आले ते डोक्यावर हेल्मेट आणि काच खाली ओढूनच. एकानं केबिनच्या दारात उभं राहून कोयता दाखवला, दुसऱ्यानं गल्ल्याची पिशवी उचलली. आणि मी, जी सुट्ट्या पैशांवरून भल्याभल्या ट्रकवाल्यांना रडवते, ती खुर्चीत बसल्या बसल्या 'घ्या, घ्या' म्हणाले. पाहुण्यांना पोह्यांचा आग्रह करावा तसं.

पिशवीचं मला फारसं वाटलं नाही, विमा होता. त्या 'घ्या, घ्या'चं वाटलं. पंप माझ्या वडिलांचा. ते रात्री जेवायच्या वेळेपर्यंत त्याच खुर्चीत बसायचे. त्या दिवसानंतर मी मात्र ऊन उतरायला लागलं की काहीतरी कारण काढून चारलाच घरी पळायची. बँकेतून निवृत्त झालेला माझा नवरा म्हणाला, विकून टाकू पंप. मी म्हणाले, त्यापेक्षा पिस्तूल घेते.

परवान्यासाठी पोलिसांनी आमच्या सोसायटीत चौकशी केली. शेजाऱ्यांनी एकमुखानं सांगितलं की बाई तापट आहेत. तरीही परवाना मिळाला. बहुधा अर्ज बघणाऱ्या साहेबांना शेजारी कसे असतात ते ठाऊक होतं.

नवीन पिस्तुलाची किंमत ऐकून मी जुन्याची चौकशी केली. कपाटात पडून राहणाऱ्या वस्तूला नव्याचे पैसे द्यायचे, हे आमच्या घराण्यात बसत नाही. शहरातल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात मालकांनी फडक्यात गुंडाळलेलं पॉइंट बत्तीसचं पिस्तूल काढलं. एक गोळी झाडली की पुढची आपोआप वर चढते, म्हणाले. एका हाताचं आहे, एका सराफांचं. कधी कुठं नेलं नाही, कधी वाजवलं नाही, घरातल्या माणसासारखं सांभाळलं. जुनी गाडी घेताना टायरला लाथ मारून बघतात, साडी घेताना काठ उलटून बघतात. पिस्तुलाचं काय बघायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी ते हातात घेऊन 'जड आहे' म्हणाले. 'असतं,' दुकानदार म्हणाले, आणि मी ते घेतलं.

घरी आणलं आणि निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जमा केलं. ती निवडणूक संपली, परत आणलं, कपाटात जागा केली, तर दुसरी लागली. लोकशाही इतकी जोरात चालू आहे हे मला पिस्तूल घेईपर्यंत जाणवलंच नव्हतं. ठाण्यातले हवालदार मला नावानं ओळखायला लागले. नवरा म्हणाला, आपण त्यांच्यासाठीच घेतलंय का हे.

अखेर ते माझ्या ताब्यात राहिलं तेव्हा मी गावाबाहेरच्या एका शूटिंग रेंजवर शिकायला गेले. तिथले शिक्षक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी मला उभं राहायला, श्वास धरायला, मनगट न हलवायला शिकवलं. समोर कागदावर काळा गोल होता. त्याला मी मनातल्या मनात हेल्मेट घातलं आणि चाप ओढला. आवाज आला, 'टक'. पुन्हा ओढला. पुन्हा 'टक'. दुसरी गोळी घालून बघितली, तरी तेच. सुभेदारांनी गोळ्या काढून घेतल्या, पिस्तूल टेबलावर उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. आत तांबूस-पिवळा थर बसला होता. गंज चढलाय मॅडम, म्हणाले, पण असला गंज मी पाहिला नाही.

मी वाकून बघितलं. वास घेतला. आयुष्यभर चैत्रातली हळदीकुंकवं केलेल्या बाईला वेगळं काही सांगायला लागत नाही.

"हे कुंकू आहे," मी म्हणाले. "आणि ही हळद."

सुभेदारांनी चिमट्यानं आतून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ती अक्षता होती. गोळीच्या बुडाला ठोकणारी पिन त्या चिकट लेपात रुतून बसली होती आणि तिच्या वाटेत तांदळाचे दाणे अडकले होते. ते एकामागून एक दाणे काढत गेले. शेवटी झेंडूची वाळकी पाकळी निघाली तेव्हा सीमेवर नोकरी केलेले ते गृहस्थ खुर्चीत बसले आणि पाणी प्यायले.

सगळं लख्ख झाल्यावर त्यांनी तेल दिलं, आणि मी पुन्हा चाप ओढला तर असा बार झाला की माझ्या कानात दडे बसले. कागदाला भोक पडलं. गोलाच्या बरंच खाली, पण पडलं. मी खूश. घरी येताना मात्र डोकं तापायला लागलं आणि मी दुकानदारांना फोन लावला. म्हणाले, बघून घेतलंत ना? मी म्हणाले, वरून बघितलं होतं. मग वरून स्वच्छच होतं, म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. दुकानदारांकडून नंबर घेतला होता. तेच ते सराफ. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी विचारलं, "साफ केलंत का?"

केलं, मी म्हणाले, जरा ठसक्यातच.

"अरेरे," ते म्हणाले. घरात काही वाईट झाल्याचं कळल्यासारखं. मग म्हणाले की वारज्याला राहतो, सवड काढून एकदा या. मी मनात म्हटलं, येतेच आणि चांगलं सुनावते. आणि लगेच विसरले.

कारण आता मी धीट झाले होते. पिस्तूल पर्समध्ये आणि मी पंपावर, वडिलांच्या खुर्चीत, दिवे लागले तरी. नवरा रोज संध्याकाळी घरून डबा घेऊन स्कूटरवर यायचा आणि मग आम्ही बरोबर घरी जायचो. त्याचं पांढरं, टोपलीसारखं हेल्मेट बघून मीच मागे लागले होते की जरा बरं घे, डोकं एकच आहे. त्यानं ते त्या दिवशी घेतलं. काळं, संपूर्ण तोंड झाकणारं, काच गडद. मला चकित करायचं म्हणून सांगितलं नाही.

मी बिलं लावत होते. दारात सावली पडली म्हणून वर बघितलं, तर जिथे तो कोयतेवाला उभा होता तिथेच काळं हेल्मेट. माझा हात पर्समध्ये गेला. सुभेदारांनी शिकवलं होतं तसं अंगठ्यानं सेफ्टीचा खटका खाली झाला. मनगट हललं नाही. पिस्तूल पर्समधून अर्धं बाहेर आलं होतं तेव्हा हेल्मेटची काच वर झाली.

"लोणचं वेगळ्या डबीत आहे," नवरा म्हणाला.

मी पर्स टेबलाखाली ढकलली. काच वर करून यायला काय होतं, म्हणून त्याच्यावर खेकसले. तो म्हणाला, तूच पूर्ण घे म्हणालीस. मग त्यानं डबा उघडला, वांग्याची भाजी वाढली. कोयता पाहून मी घाबरले होते, पण त्या संध्याकाळी मला माझीच जी भीती वाटली तिच्यापुढे ते काहीच नव्हतं. तो भाजीत मीठ कमी आहे का विचारत होता. मी नाही म्हणाले आणि मला रडू यायला लागलं, तर मी मिरची लागली म्हणून सांगितलं.

त्याला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो पंपाच्या तोंडापासूनच काच वर करून, 'मी आलोय गं' अशी हाक मारत यायला लागला. मी म्हटलं, चला, तीस वर्षांत एकदा तरी ऐकलं माझं.

त्या रविवारी मी वारज्याला गेले. सुनावायला नाही. सराफकाका बारीक चणीचे, दुकान बंद करून मुलाच्या शेजारी राहायला आलेले. काकूंनी खोबऱ्याच्या वड्या ठेवल्या आणि आधी विचारलं की दसऱ्याला पिस्तुलाची पूजा करणार ना. त्या कॉफी करायला आत गेल्या तसे काका पुढे सरकले.

पूर्वी शेजारच्या सराफाकडे दरोडा पडला तेव्हा त्यांनी पिस्तूल घेतलं. एका संध्याकाळी वीज गेली. ते दुकानाच्या मागच्या खोलीत एकटे होते आणि मागचं दार वाजलं. डोक्यावरून काहीतरी घेतलेला माणूस अंधारात आत आला.

"मी चाप ओढला," काका म्हणाले. "ओढलाच. तो 'टक' वाजला. आणि ही म्हणाली, दिवे गेलेत तर मेणबत्ती लावायची नाही का."

थंडी होती म्हणून काकू डोक्यावरून शाल घेऊन त्यांच्या औषधाच्या गोळ्या द्यायला आल्या होत्या. काकांनी पिस्तूल खणात ठेवलं आणि मेणबत्ती लावली. नंतर एकटे असताना उघडून बघितलं तर आत दसऱ्याचं कुंकू. तेव्हापासून त्यांनी ते साफ केलं नाही. फक्त पूजेला काढायचे.

"हिला माहीत नाही," ते हळूच म्हणाले. माझ्या हातात वडी तशीच होती. मी त्यांना काळ्या हेल्मेटचं सांगितलं. ते मान हलवत राहिले आणि त्यांनी मला काहीच उपदेश केला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

लिफ्टपर्यंत काकू सोडायला आल्या. माझ्या कपाळाला कुंकू लावताना म्हणाल्या, "तो आवाज मी ऐकला होता हो. बोलले नाही, इतकंच. अक्षता जरा सढळ हातानं टाका."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी पाट मांडला. त्यावर सुऱ्या, कात्री, माझा अडकित्ता, नवऱ्याचा लॅपटॉप, स्कूटरची किल्ली. मध्ये पिस्तूल, गोळ्या काढून. नवरा पंपाच्या नोझलसाठी झेंडूच्या माळा ओवत बसला होता. मी पिस्तुलाची वरची पट्टी मागे ओढून धरली आणि उघड्या फटीत चिमूटभर कुंकू सोडलं. मग हळद. मग मूठभर अक्षता, आणि त्या बोटानं आत ढकलायला लागले.

"अगं, आत जातायत त्या," नवरा म्हणाला.

"जाऊ देत," मी म्हणाले.

त्यानं माळ खाली ठेवली. मग उठला, देवघरातली तेलाची वाटी आणली आणि माझ्यापुढे सरकवली.

"मग थोडं तेलही सोड," म्हणाला. "घट्ट बसेल."

मी वर बघितलं. तो पुन्हा माळ ओवायला बसला होता. मी तेल सोडलं, भरपूर. संध्याकाळी पंपावर जाताना मला भीती वाटतच होती. तरी मी गेले, आणि दिवे लागल्यावर त्याची 'मी आलोय गं' ही हाक ऐकू येईपर्यंत वडिलांच्या खुर्चीत बसून राहिले.