किलाउएआच्या वाऱ्याखालचं घर

हिलोचा विमानतळ सोडून वर चढू लागलो तसा घसा खवखवायला लागला. समोर डोंगर नव्हता, नुसतं पिवळट धुरकं होतं. "व्हॉग (ज्वालामुखीच्या वायूंचं धुरकं) आहे मामा, मास्क लाव," गाडी चालवता चालवता मुक्ता म्हणाली. मुक्ता माझी भाची. पुण्यात भूशास्त्र शिकून ती इथे हवाई बेटावर किलाउएआ ज्वालामुखीवर पीएचडी करते. मी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून चार दिवस तिच्याकडे आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कड्यावर गेलो. खाली विवराचा काळा तळ, भेगांतून निघणारी वाफ. तिच्या लॅपटॉपवर एक रेघ सावकाश वर सरकत होती. जमीन फुगत होती.

"कधी फुटेल?" मी विचारलं.

"परवाच्या आधी नाही. खालच्या वस्तीतल्या नोएलानी आंटींनाही मी तेच सांगितलंय."

असं म्हणाली खरी, पण तिची नजर त्या रेघेवरून हटत नव्हती. डब्यातला पोह्यांचा चिवडा तसाच राहिला. मलाही एका जागी उभं राहवेना.

दुपारी बारा वाजता तळातून लाव्हाचं कारंजं उसळलं. त्याची धग पार कड्यावर आमच्या तोंडाला लागली. मी थक्क होऊन बघत होतो आणि मुक्ता मात्र झाडांचे शेंडे बघत होती. "वारा फिरलाय. वस्तीकडे चाललाय. मामा, पळ!"

नोएलानी आंटींचं घर पत्र्याच्या छपराचं. इथे नळ नाहीत. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत जातं, तेच वर्षभर पुरवायचं. आम्ही पोचलो तेव्हा पत्र्यावर कोरडा खडखडाट सुरू होता. बोराएवढे हलके काळे खडे पडत होते आणि त्यांच्याबरोबर पेले या इथल्या ज्वालामुखी देवीचे केस (लाव्हाचे वाऱ्याने ताणले गेलेले काचेसारखे तंतू). सत्तरीच्या आंटी शिडीवर चढून टाकीचा पाइप ओढत होत्या.

"खाली उतरा, मी काढते!" मुक्ता ओरडली. मी शिडी धरली. पाइप गच्च बसला होता. हातमोजे घालायचं भान तिला राहिलं नाही. पाइप निघाला तेव्हा तिच्या बोटांतून रक्त येत होतं. टाकीचं झाकण उघडलं, तर पाण्यावर सोनेरी तंतूंची साय.

"परवा म्हणाली होतीस," आंटी म्हणाल्या. "काल रात्री पाऊस होता म्हणून मी पाइप जोडलेला ठेवला."

"चुकलं माझं, आंटी."

आंटींनी तिचा हात ओढून घेतला आणि चिमट्याने एकेक काच काढू लागल्या. "चुकायचं काही नाही गं. माझं आधीचं घर लाव्हाखाली गेलं, तेव्हाही कुणाला नक्की माहीत नव्हतं. पण माहीत नसेल, तर तसं सांगत जा."

पुढचे दोन दिवस आम्ही टाकी उपसली, घासली आणि खालच्या गावातल्या नळावरून बादल्या भरून पाणी आणून दिलं.

मला विमानतळावर सोडताना मुक्ताने गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. "आंटी, रेघ पुन्हा चढतेय. कधी ते मला सांगता येत नाही. पण पाइप काढूनच ठेवा."

घरी येऊन आठवडा झाला. कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत मी वीस वर्षं काम कधी पुरं होईल त्याच्या तारखा छातीठोकपणे देत आलोय. आज मीटिंगमध्ये पहिल्यांदा म्हणालो, "मला माहीत नाही." सगळे माझ्याकडे बघत राहिले आणि मला ते बघणं झेपलं.