पांढरी चारचा गायक

बास गिटार माझ्याकडं आली ती मी मागितली म्हणून नव्हे. मोजणीच्या कचेरीत मी तेव्हा नकाशे काढायचो. दिवसभर लोकांच्या शेतांच्या हद्दी काळ्या शाईनं गिरवायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन साध्या गिटारवर तीन-चार कॉर्ड खाजवत बसायचं, एवढीच माझी तयारी. खरा गिटारवाला माझा मित्र होता. त्याचं शहागंजात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गल्ल्यामागं गिटार टांगलेली असायची आणि गिऱ्हाईक नसलं की तो डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून वाजवत बसायचा. बँड काढायचं त्याच्याच डोक्यातून निघालं.

"दो-दो गिटार कायकू?" तो म्हणाला. "तेरी उंगलियाँ लंबी हैं, तू ये पकड." असं म्हणून त्यानं कुठल्याशा हॉटेलातल्या मोडलेल्या बँडची बास गिटार माझ्या मांडीवर ठेवली. ती इतकी जड होती, की मला वाटलं आत अजून कुणीतरी बसलंय.

घरी आणली तर आईनं तारा मोजल्या. "चारच? बाकीच्या दोन काढून घेतल्या का रे त्यानं?"

बँडला नाव नव्हतं. आम्ही चौघं होतो. ड्रमवर जनावरांचे डॉक्टर, जे बोलायचे कमी आणि बोलले की जनावरांवरच यायचे. गिटारवर घड्याळवाला, बासवर मी. आणि गायक एका बँकेत कॅशियर होता. जुनी हिंदी गाणी, मधूनच एखादं मराठी भावगीत, असं आमचं चालायचं. स्वतःचं असं काहीच नव्हतं, दुसऱ्यांची गाणी जमतील तशी वाजवायची. तालीम दर रविवारी सकाळी दहाला, पुंडलिकनगरात, गायकाच्या घरातल्या हॉलमध्ये.

हॉल त्याचा, सतरंजी त्याची, चहा-पोहे त्याच्या बायकोचे. त्यामुळं त्याला कुणी काही बोलू शकत नव्हतं, आणि बोलण्यासारखं तर खूप होतं.

तसा तो चांगला गायचा. खालच्या सुरांत त्याचा आवाज असा यायचा की ऐकणाऱ्यानं पंखा बंद करावा. पण त्याला कॉलेजात असताना कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की तुझी पट्टी पांढरी चार. पेटीवरच्या ज्या पट्टीला सा धरायचा, ती गाणाऱ्याची पट्टी. ती जितकी वरची, तितकं गाणं वर चढतं. पांढरी चार ही गळ्यानं गडी असणाऱ्यांची पट्टी. आमचा गायक ती अंगठीसारखी मिरवायचा. नव्या माणसाशी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला, "आपली पट्टी पांढरी चार," हे यायचंच.

आणि मग अंतऱ्यात वरची जागा आली की तो टाचा उचलायचा, डोळे मिटायचा, आणि त्याच्या गळ्यातून जे निघायचं त्यानं शेजारचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत जायचं. डॉक्टर एकदा काठ्या खाली ठेवून म्हणाले, "गाय अडली ना, की असाच आवाज काढती बघा."

मी एकदा भीत भीत सुचवलं, जरा खालून गाऊ या का. तो पाण्याचा पेला ठेवून माझ्याकडं वळला. "पट्टी उतरवायला मी काय म्हातारा झालो व्हय?"

युक्ती घड्याळवाल्याच्या दुकानात ठरली. तो कुणाच्या तरी मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "उसकू बोलना नक्को. बस खुंटियाँ ढीली कर देंगे."

आमच्याकडं पेटी नव्हती, कीबोर्ड नव्हता. ज्याचा सूर हलत नाही असं खरं बोलणारं वाद्यच नव्हतं. गिटार आणि बास दोघींच्या खुंट्या सारख्याच सैल केल्या, की सगळा बँड गुपचूप खाली उतरणार, आणि आमची बोटं मात्र नेहमीच्याच जागी दिसणार. गायकाला सूर आम्ही देणार. आम्ही देऊ तोच त्याचा सा.

त्या रविवारी अर्धा सूर उतरवला. वरची जागा आली. टाचा उचलल्या, डोळे मिटले, आणि आवाज सरळ जाऊन जिथं बसायचा तिथं बसला. त्यानं डोळे उघडले तेव्हा आमच्यापेक्षा तोच जास्त चकित झाला होता.

"पाहिलं?" तो म्हणाला. "ह्याला रियाज म्हणतात."

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. घड्याळवाल्याचे खांदे हलत होते.

पुढच्या रविवारी आणखी अर्धा. आता माझ्या बासच्या तारा इतक्या सैल झाल्या, की लाकडावर आपटून खर्रर्र वाजायला लागल्या. गायकानं विचारलं, हे काय. मी म्हणालो, हवेत दमटपणा आहे.

"मे महिन्यात?"

"तारांना आधी कळतं," मी म्हणालो. त्याला ते पटलं. माणूस खूश असला की त्याला काहीही पटतं.

पटलं नाही ते एकाच व्यक्तीला. मी चहाचे कप ठेवायला स्वयंपाकघरात गेलो, तर वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. तशाच म्हणाल्या, "भावजी, किती उतरवलीत?"

"काय, वहिनी?"

"पाचोडला आमच्या घरी रोज भजनाची पेटी वाजायची. मी ती ऐकत मोठी झाले. किती?"

मी कबूल केलं, एक पूर्ण सूर. आता त्या नवऱ्याला हाक मारणार म्हणून मी दाराकडं बघितलं. त्यांनी फोडणीत मोहरी टाकली आणि म्हणाल्या, "अजून अर्धा उतरवा. पोरगी झोपेतून दचकून उठती."

तेव्हा तिसरा अर्धा सूर आम्ही वहिनींच्या हुकमावरून उतरवला. गायक आता नकळत पांढरी दोनमध्ये गात होता, आणि खरंच सांगतो, ऐकत राहावं असं गात होता. बँकेत, गल्लीत, भाजीवाल्याला, सगळ्यांना तो पांढरी चारचं सांगत सुटला. तिथंच थांबला असता तर आम्ही सुखी होतो. पण एका रविवारी तो तालमीला पेढे घेऊन आला. पाचोडला त्याच्या मेहुण्याच्या मुलाचं बारसं होतं आणि सासऱ्यांनी आम्हा चौघांना गाण्यासाठी बोलावलं होतं.

सासरे म्हणजे भजनाच्या पेटीवाले.

वहिनींनी हॉलच्या दारातून आमच्याकडं बघितलं. नंतर हळूच म्हणाल्या, "मी आदल्या दिवशी जाते. पेटी माळ्यावर टाकते, वर गोधड्या टाकते. तुम्ही बिनघोर या."

आम्ही जीपमधून सामान घेऊन गेलो. पाचोडचा बाजाराचा दिवस होता. अंगणात मांडव, आणि बाजाराला आलेली माणसं पिशव्या घेऊन तशीच आत येऊन बसत होती. सासरे उंच, पांढऱ्या मिशांचे, मोठे शेतकरी. आमची एवढी विचारपूस केली की मला लाज वाटायला लागली. वहिनींनी पाळण्याआडून मान हलवली. पेटी माळ्यावर.

पहिली दोन गाणी झकास झाली. माणसं माना डोलवायला लागली. गायक घामानं आणि आनंदानं चमकत होता. तिसऱ्या गाण्याआधी सासरे उठून उभे राहिले.

"जावईबापू, वाईच थांबा. आमची पेटी कुठं गेली कोण जाणे, म्हणून देवळातली मागवलीय. म्हातारपणी आमालाबी साथ करू द्या."

मारुतीच्या देवळातली पेटी डोक्यावरून आली आणि बरोबर माझ्या पुढ्यात ठेवली गेली. सासऱ्यांनी भाता उघडला. "पट्टी कंची?"

घड्याळवाला पुटपुटला, "या अल्ला."

"पांढरी चार," गायक म्हणाला, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं.

सासऱ्यांनी पांढरी चार दाबली. गायकानं सूर तिथून उचलला. घड्याळवाल्याचा पहिला कॉर्ड वाजला तो तीन घरं, म्हणजे दीड सूर, खालून. एका बारशात दोन बारशी लागल्यासारखं झालं. घड्याळवाल्यानं तत्काळ हात थांबवला आणि तार तुटल्यासारखा गिटारमध्ये डोकं घालून बसला, भिंग लावून घड्याळात बघतो तसा. डॉक्टर ड्रम बडवत राहिले. राहिलो मी. बासवर बोटं तीन घरं वर सरकवली की झालं, मी खऱ्या पांढरी चारमध्ये. का सरकवली माहीत नाही. कुणीतरी पेटीबरोबर असायला हवं, एवढंच डोक्यात आलं असावं.

मुखडा कसाबसा गेला. अंतरा आला. गायकानं टाचा उचलल्या. मग तो आवाज आला, महिनाभर आम्ही कोंडून ठेवलेला, सगळा एकदम. मांडवाबाहेर बैलाचा सौदा करणारी दोन माणसं सौदा सोडून आत डोकावली.

सासऱ्यांचा भाता थांबला नाही. त्यांनी एकदा माझ्या डाव्या हाताकडं बघितलं, एकदा घड्याळवाल्याच्या वाकलेल्या मानेकडं. मग वाजवता वाजवताच त्यांची बोटं पेटीवरून खाली घसरली, पांढरी दोनवर. मी मागोमाग उतरलो. गायकाचे डोळे मिटलेलेच होते. पुढची ओळ त्यानं त्या सुरातून उचलली आणि ती इतकी गोड आली, की पुढं बसलेल्या एका बाईनं "अगं बाई" म्हटलं.

गाणं संपलं. सासऱ्यांनी भाता मिटला. "पांढरी दोनमधी लई ग्वाड गाता तुम्ही, जावईबापू. तिथंच ऱ्हावा."

"पांढरी दोन?" गायक म्हणाला.

त्यानं घड्याळवाल्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं. वहिनी पाळण्याची दोरी उगीचच जोरात हलवायला लागल्या. त्याच्या चेहऱ्यावर ते एकेक करून उतरताना मी बघितलं: रविवार, तारा, मे महिन्यातला दमटपणा. तोपर्यंत मला सगळी गंमतच वाटत होती. त्याक्षणी वाटेना. आम्ही त्याला बरं गायला लावलं होतं हे खरं, पण ते त्याचं त्याला कळू दिलं नव्हतं.

परत येताना तो ड्रायव्हरशेजारी बसला. क्रांती चौकात जीप थांबली, तसा उतरून मागं न बघता चालायला लागला.

तीन रविवार तालीम झाली नाही. चौथ्या रविवारी मी एकटाच पुंडलिकनगरात गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि कुजबुजल्या, "माझ्याशीबी बोलत नाहीत. महिनाभरात एकदाही भाजीला नाव ठेवलं नाही, म्हणजे बघा."

तो आतून आला. मी माफी मागायची वाक्यं घोकून आलो होतो, पण त्यानं मला सुरूच करू दिलं नाही.

"एक सांग. त्या पहिल्या रविवारी मी गायलो, ते चांगलं होतं का?"

"होतं."

"पट्टीचं जाऊ दे. गाणं."

"गाणंच म्हणतोय मी. चांगलं होतं."

त्यानं सतरंजीची गुंडाळी भिंतीकडं सारली. मग म्हणाला, "पुढच्या रविवारी या. मी पेटी आणतोय."

पेटी आली, हॉलच्या मधोमध बसली. तेव्हापासून तो आधी स्वतः पांढरी दोन दाबायचा, मोठ्यानं तसं सांगायचा, आणि आमच्या दोघांच्या खुंट्या लागेपर्यंत बोट उचलायचा नाही. मला वाटलं, मिटलं.

गणपतीत त्यांच्या कॉलनीत आमचा कार्यक्रम होता, संध्याकाळी, अजून उजेड असताना. चार-पाच गाणी झाली. गायकानं माइक तोंडाशी घेतला आणि हसला. त्या हसण्यातच मला काहीतरी दिसायला हवं होतं.

"आता," तो म्हणाला, "आमचे परममित्र एकट्यानं बास गिटार वाजवून दाखवतील. कुणीही साथ करणार नाही."

घड्याळवाल्यानं हाताची घडी घातली. डॉक्टरांनी काठ्या खिशात ठेवल्या. मी जन्मात कधी एकट्यानं वाजवलं नव्हतं. बास एकट्यानं वाजवायची असते हेच मला माहीत नव्हतं. मी हळूहळू सारेगम वाजवलं. मग आत्ताच झालेल्या गाण्यातला माझा भाग वाजवला, जो गाण्याशिवाय कुणालाच ओळखू येत नाही. पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "मशीन नीट लागंना वाटतं त्याचं."

दीड मिनिट झालं असेल. मला ती एक मोजणी वाटली, सबंध तालुक्याची. थांबलो तेव्हा फक्त गायकानं टाळ्या वाजवल्या, माइक काखेत धरून, मनापासून. मग लोकांना विचारलं, "अजून एक होऊ द्या?" मागून एक निवृत्त गृहस्थ घाईघाईनं "नको, नको" म्हणाले.

त्यानंतर मी सहा महिने घरी दार लावून एकट्यानं वाजवायचा एक तुकडा बसवला. चांगला बसवला. पुन्हा बोलावलंच तर उत्तर तयार असावं म्हणून. प्रत्येक कार्यक्रमात तो गाण्यांच्या मधे माझ्याकडं बघून एक क्षण थांबायचा, मी सरसावून बसायचो, आणि तो पुढचं गाणं सांगायचा.

दोन-तीन वर्षांनी त्याची नांदेडला बदली झाली. निरोपाचा कार्यक्रम त्याच्याच घरातल्या हॉलमध्ये केला. शेवटचं गाणं झाल्यावर तो माझ्याकडं वळला, नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिला. मी खुंट्या तपासल्या, बोटं तारांवर ठेवली.

"आता," तो म्हणाला, "चहा घेऊ या."